लहानूने टाकलेली नावं

नव्वद सालच्या सुमारास भिवंडीच्या भांडेबाजारात कुणालाही विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, भांड्यावर नाव टाकायचं तर लहानूकडूनच टाका. दुकानाच्या पायरीवर गोणपाट पसरून तो बसे. मांडीत कळशी, हातात छिन्नी आणि हातोडी. ठिपक्याला ठिपका लागे आणि मोत्यासारखं अक्षर उमटे. कुणी कौतुक केलं की मात्र तो मान खाली घाली. लोकांना वाटे, केवढा विनय! विनय कसला, लाज होती ती.

एक्क्याऐंशी साली तो या पायरीवर बसला तेव्हा त्याला अक्षरओळखच नव्हती. दुसरीत शाळा सुटली आणि लूमवर सुताच्या कांड्या भरण्यात पोरवय गेलं. राहायला अशा वस्तीत, जिथे भिंतीभिंतीवर 'शिका' असं रंगवलेलं. तिथे अडाणी आहे म्हणून कबूल करायचं कसं? गिऱ्हाइकाने चिठ्ठी आणली तर तो ती चित्रासारखी हुबेहूब उतरवी. पण खेड्यातल्या बाया नाव तोंडी सांगत. दुकानाचा मुनीम जागेवर असला तर लिहून देई, नसला की लहानूची पंचाईत. 'मला येत नाही' एवढंच म्हणायचं, तेही घशातून निघेना. मग तो वर एक रेघ ओढी आणि खाली गाठी, वेलांट्या, गळासारखे आकडे लोंबत ठेवी. बायांनाही वाचता येत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशी दोन वर्षं गेली, चाळीसेक भांडी गेली. मग मुलगी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्या अंकलिपीवरून हा गडी चोरून शिकला आणि सुधारला. गेलेली भांडी मात्र परत आली नाहीत.

त्र्याण्णव साली मंदाताई नावाच्या एक शिल्पकार बाई त्याला शोधत आल्या. कशेळीच्या भंगारवाल्याकडे त्यांना दोन जुन्या कळश्या मिळाल्या होत्या. "लहानूदादा, ही कुठली गुप्त लिपी असेल हो?" त्यांनी विचारलं. त्यांना तांब्याच्या पत्र्यांची मोठी भिंत उभी करायची होती, सगळी लिपीने भरलेली, आणि कुणालाच वाचता न येणारी. लहानूने लिपी ओळखली. आपलं पाप कोण ओळखणार नाही? बाईंनी कोरा पत्रा पुढे केला, "अशीच काढता येईल?" त्याने छिन्नी टेकवली मात्र, गाठी आणि वेलांट्या भराभर उतरू लागल्या. एवढी वर्षं शुद्ध लिहूनही हात काही विसरला नव्हता. लहानूला स्वतःच्या हाताची किळस आली.

"दिघाशी गावात अशीच आणखी एक कळशी आहे," बाई सांगत होत्या. "तिथल्या म्हाताऱ्या शेवंताबाई ती विकत नाहीत. म्हणतात, गेलेल्या लेकीचं नाव आहे त्यावर, काशीचं."

लहानूने छिन्नी खाली ठेवली. "ताई, हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पायरी बंद ठेवून त्याने दिघाशीची एसटी धरली. शेवंताबाई ओटीवर बसल्या होत्या. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. "मावशी, त्या कळशीवर काशीचं नाव नाय. काहीच नाय. मला लिहिताच येत नव्हतं."

म्हातारी बराच वेळ कळशीवरून बोट फिरवत राहिली. शिव्या खायची तयारी करून आला होता तो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. "माला नको सांगू," ती शेवटी म्हणाली. "माझ्या सुनेला जाऊन सांग. पलीकडं ऱ्हाते. ती बोलली व्हती, हितं कायबी लिवलेलं न्हाय. मी बोलली, मेलेल्या नणंदेचं नाव खुपतं तुला. नऊ वर्सं झाली, चूल येगली हाय."

पलीकडच्या अंगणात सून कौसल्या तांदूळ निवडत होती. लहानूने तिच्यापुढे पुन्हा सगळं कबूल केलं. तिचे हात थांबले नाहीत.

"सातवी शिकलेली हाय मी, घरात बाकी कुनालाच वाचता येत न्हवतं," ती म्हणाली. "या कलशीपायी सगल्यांनी मालाच अडानी ठरवली. नवरा बोलला, हिला वाचता येत न्हाय, उगा मिरवते. रोज तेच आयकून मीबी सोडलं. आता रेशनवर अंगठा लावते."

लहानूला जमीन दुभंगावी असं झालं. अडाणीपण त्याचं होतं आणि नऊ वर्षं ते या बाईने वागवलं होतं. त्याने खिशातली पेन्सिल आणि चिठ्ठी पुढे केली. "ताई, नाव तुम्ही लिहून द्या. मी तसंच कळशीवर उतरवतो."

ओटीवरून म्हातारी बघत होती. कौसल्याने तांदळाचे हात पदराला पुसले, पेन्सिल धरली आणि 'का' काढला. मग पेन्सिल थांबली. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, फुडलं अक्षर कसं काढत्यात वो?"

लहानूला ते येत होतं. ते तिला दाखवताना त्याला जेवढी लाज वाटली, तेवढी जन्मात कशाची वाटली नव्हती.