सानिकाचे मागणे

माझ्यावर ज्यांचे सर्वांत मोठे ऋण आहे त्या बाईंचे नाव मंगल. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका वाडीवर त्या राहतात आणि लोकांच्या शेतात मजुरी करतात. काही वर्षांपूर्वी आमची ओळख झाली. ज्या कारणाने झाली ते कारण त्यांच्यासाठी संकट होते आणि आमच्यासाठी, हे लिहिताना संकोच वाटतो, आनंद होता. मी दत्तमहाराजांचा साधा भक्त आहे. पौर्णिमेला औदुंबरला जावे, पादुकांवर डोके ठेवावे, घरादारासाठी दोन गोष्टी मागाव्यात आणि परत यावे, एवढीच माझी भक्ती. पण त्या दिवसांत देवापुढे हात जोडले की काय मागावे तेच मला कळेना. मनातले मागावे तर लाज वाटायची, आणि योग्य ते मागायला जीभ उचलायची नाही.

मी सांगलीत एका शाळेत लेखनिक आहे. मूळचा मीही माणचाच. वडील मेंढरांमागे हिंडले, आणि आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. नोकरी लागली, लग्न झाले, घर झाले, पण मूल झाले नाही. दवाखाने करून थकल्यावर दत्तक घेण्याची चौकशी करायला मी आणि माझी पत्नी सुनीता बाल संरक्षण कक्षाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कुंभारमॅडमनी दत्तकाची माहिती दिली आणि जाताजाता आणखी एक गोष्ट सांगितली. काही मुलांना आईवडील असतात, पण आजारपणामुळे किंवा दुसऱ्या अडचणीमुळे ते सांभाळू शकत नाहीत. अशा मुलांना संस्थेत ठेवण्याऐवजी एखाद्या कुटुंबात ठेवतात. त्याला फॉस्टर केअर म्हणतात. पडताळणी करून त्या कुटुंबाला मान्यता दिली जाते. "मूल तुमच्या घरी राहील, पण तुमच्या नावावर होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "घरची घडी बसली की परत द्यायचं. जमत नसेल तर आत्ताच नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही."

परत येताना मी सुनीताला म्हणालो, लळा लावायचा आणि परत द्यायचे, हे आपल्याला झेपणार नाही. घरी आल्यावर तिने मागच्या खोलीचे दार उघडले. मग म्हणाली, "आपल्याकडं एक खोली रिकामी आहे आणि कुठल्यातरी लेकराला ती आत्ता पाहिजे आहे. पुढचं पुढं बघू." अर्ज केला तो तिच्या शब्दावर, माझ्या हिमतीवर नाही.

वैद्यकीय दाखले झाले, पोलीस पडताळणी झाली, आणि मग घर बघायला मॅडम येणार असे कळले. ही बातमी गावाकडे आईला कळवली, हीच चूक झाली. 'बघायला येणार' म्हणजे आईच्या लेखी एकच गोष्ट. ती आदल्या दिवशीच येऊन धडकली. कांदेपोहे केले, सुनीताला काठापदराची साडी नेसवली, मला धुतलेला शर्ट घालून खुर्चीत बसवले आणि दारात शाल-नारळ घेऊन उभी राहिली. मॅडम उंबऱ्यातच थबकल्या.

"आजी, हे काय?"

"आवं, बसा की आदी. पसंत-नापसंत मागनं सांगा, पोहं गरम हायती तवर खावा."

मॅडमना हसू आवरेना. "मी नारळ घेतला तर अहवाल कुठल्या तोंडानं लिहू? मला तुमचा रोजचा चहा द्या. आणि सूनबाईंना रोजची साडी नेसू दे. त्या लेकराला रोजचंच घर मिळणार आहे ना?" सुनीता सुटल्यासारखी आत पळाली. मग मॅडमनी विचारले, भांडण झाले तर या घरात आवाज कुणाचा चढतो? आमच्यात भांडणेच होत नाहीत, असे काहीतरी मी बोलणार होतो. आई आधीच म्हणाली, "ह्येचाच. पर जेवाय बसला की उतरतोय." मॅडमनी ते मान हलवून लिहून घेतले. मान्यता मिळाली तेव्हा आईने आमच्या सगळ्या गल्लीत "पास झाली पोरं" म्हणून साखर वाटली.

थोड्याच दिवसांत मॅडमचा फोन आला. माणमधल्या एका बाईंवर मिरजेच्या रुग्णालयात उपचार चालू होते. क्षय होता, आणि साध्या औषधांना दाद देत नव्हता. नवरा मुंबईत कामाला होता, तिथेच वारला. सासरचे कुणी पुढे येत नव्हते. आठ वर्षांची मुलगी होती, तिला आईला भेटता येईल अशा जवळच्या घरी ठेवायचे होते, म्हणून सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या बालकल्याण समित्यांनी मिळून आमचे घर निवडले होते. त्या बाई म्हणजे मंगलताई आणि ती मुलगी सानिका.

मुलगी देण्याआधी आम्हाला बघायचे आहे, असे मंगलताईंनी सांगितले होते. रुग्णालयाच्या मोकळ्या व्हरांड्यात त्या अंतर राखून, तोंडाला मास्क लावून बसल्या होत्या. अंगावर मांस नव्हते, पण नजर सरळ होती. इकडचे तिकडचे काही न बोलता त्यांनी विचारले, "तुमाला स्वताचं लेकरू न्हाई. मग माजं परत द्याल का?"

मी समितीच्या आदेशात काय लिहिले आहे ते सांगू लागलो.

"कागदाचं न्हाई इचारत. तुमचं इचारते."

मी सुनीताकडे पाहिले. सुनीता म्हणाली, "देऊ. रडू, पण देऊ."

मंगलताई म्हणाल्या, "मग न्या." मग कुंभारमॅडमबरोबर आलेल्या सानिकाकडे वळून म्हणाल्या, "आईची आठवन आली म्हनून ताट सारायचं न्हाई. रडायचं तर जेवून रडायचं. काय?" पोरीने मान हलवली. पोटचे लेकरू परक्यांच्या हाती देताना त्या बाई रडल्या नाहीत, कारण त्या रडल्या असत्या तर पोरीचा पाय निघाला नसता. एवढे बळ मी दुसऱ्या कुणात पाहिलेले नाही.

सानिकाने आईचा शब्द पाळला. पहिले काही आठवडे ती ताट स्वच्छ करायची, हात धुवायची आणि मग रिकाम्या खोलीत जाऊन रडायची. सुनीता नुसती शेजारी बसून राहायची. हळूहळू रडणे कमी झाले, बोलणे वाढले. शाळेतून आली की माझ्या सायकलची घंटी वाजवून "काका, आला का वं?" असे ओरडायची. माझ्या प्रमाण मराठीची नक्कल करून सुनीताला हसवायची. घरात एक आवाज आला आणि घरी येताना माझे पाय झपझप पडू लागले. वडील होणे म्हणजे काय, ते मला कळू लागले होते.

अशात मिरजेहून निरोप आला. मंगलताईंची तब्येत ढासळली होती. औषधे बदलली होती, पण डॉक्टर खात्री देत नव्हते. त्या रात्री माझ्या मनात जे येऊन गेले ते इथे लिहिले नाही तर हा अनुभव खोटा ठरेल. मंगलताई बऱ्या झाल्या तर सानिका जाणार होती. नाही झाल्या तर ती राहणार होती. असा विचार मी केला नाही, तो आला. पण आल्यावर जाईना. देवघरात उभा राहिलो की तोच समोर यायचा. मी उदबत्ती लावायचो आणि काही न मागता मागे फिरायचो.

पुढच्या पौर्णिमेला सानिका म्हणाली, मलाही औदुंबरला न्या. रांग मोठी होती. उन्हात लोक कंटाळले होते, कुणी कुणाशी बोलत नव्हते. गाभारा दुरून दिसू लागला तशी सानिकाने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, माज्या आईला बरं कर. तिला लवकर घरी धाड."

आमच्या मागे खांद्यावर टॉवेल टाकलेला एक उंच गृहस्थ होता. त्याने वाकून विचारले, "काय म्हनलीस गं बाळ?" तिने पुन्हा सांगितले. त्यानेही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "देवा, हिच्या आईला बरं कर!"

मागची बाई म्हणाली, "कुनाच्या आईला वं?"

"ह्या पोरीच्या."

"मग नाव तरी सांगा की, देव कुटं हुडकत बसंल?"

लोक हसले. सानिका टाचा उंचावून ओरडली, "मंगल!" आणि ती सगळी कंटाळलेली रांग, एकामागून एक, म्हणू लागली, "मंगलला बरं कर." म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, कॉलेजची पोरे म्हणाली, मिरचीच्या पिशव्या घेतलेले एक जोडपे म्हणाले. ज्यांनी मंगलताईंना कधी पाहिले नव्हते त्या सगळ्यांच्या तोंडी ते मागणे होते. नव्हते ते फक्त माझ्या. तो टॉवेलवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "आवं, तुमी गप का? पोरीसंगं आलाय न्हवं?"

मी म्हणालो. आधी ओठांत, मग मोठ्याने. "मंगलला बरं कर." तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फाटला आणि आत कितीतरी दिवस घट्ट धरलेली मूठ सुटली. सानिकाने माझा हात धरला. पादुकांपाशी पोहोचलो तेव्हा माझ्याकडे दुसरे मागणे उरले नव्हते, आणि चोरटा विचारही उरला नव्हता. बाहेर आल्यावर मी त्या गृहस्थांना शोधले. घाटावर, प्रसादाच्या ओळीत, बसथांब्यावर. ते दिसले नाहीत. ते कोण होते, कुठल्या गावचे, मला आजही माहीत नाही.

नंतर मंगलताईंना नवी औषधे मानवली. त्याला मी चमत्कार म्हणत नाही. डॉक्टर आणि परिचारिकांनी जीव ओतला होता, आणि मंगलताईंनी एक गोळी चुकवली नव्हती. बदल मी पाहिला तो माझ्यात. मिरजेला जाताना मंगलताईंसाठी केलेला डबा मी आता मनापासून उचलत होतो. त्यांचे वजन वाढले हे ऐकून घरी पेढे आणले, ते मला गोड लागले.

पुढे त्या पूर्ण बऱ्या झाल्या आणि सानिकाला परत सोपवण्याचा दिवस आला. साताऱ्याच्या कार्यालयात कुंभारमॅडमही मुद्दाम आल्या होत्या. सानिका एका हाताने आईचा आणि एका हाताने सुनीताचा पदर धरून उभी होती. "काका, तुमी पन चला," ती म्हणाली.

"काका न्हाई म्हनायचं आता," मंगलताई म्हणाल्या.

संपले, असे वाटले.

"मामा म्हन," त्या म्हणाल्या. "काका म्हंजी बापाकडचा. बापाकडचं कोन हुबं ऱ्हायलं न्हाई. मला भाऊ न्हाई. ह्यो माज्याकडचा."

मी खाली मान घातली. सुनीताने पिशवीतून तांदूळ आणि खण काढला आणि मंगलताईंची ओटी भरायला पुढे झाली. त्या झटकन मागे सरल्या. "आवं, माजी न्हाई भरत. मालक न्हाईत मला."

"माहेरची माणसं भरतात," सुनीता म्हणाली, आणि तिने भरली. त्या धीराच्या बाईला रडताना मी पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा.

देवाने मला मूल दिले नाही असे मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. त्याने मला उघड्या हाताने उभे राहायला शिकवले, आणि उघड्या हातात काय ठेवायचे ते त्याने ठरवले. श्रावण जवळ आला तसे मी वाडीवर एक पत्र पाठवले. ते असे:

प्रिय मंगलताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र सानिकाकडून मोठ्याने वाचून घे. तिचे वाचन कसे चालले आहे तेही तुला कळेल. आम्ही दोघे बरे आहोत. तुझी तपासणीची तारीख चुकवू नकोस.

नागपंचमीच्या आधी दोन दिवस मी मुराळी म्हणून तुम्हा दोघींना माहेरी न्यायला येतो. तुझी शेरडे कुणाकडे ठेवायची ते आत्ताच ठरवून ठेव, तेवढ्यासाठी अडून बसू नकोस. गल्लीत झोका बांधायचे ठरले आहे. सुनीताने बांगड्यांसाठी कासारणीला सांगून ठेवले आहे. तू बांगड्या भरणार नाहीस हे मी तिला म्हणालो, तर ती म्हणाली, "ते आम्ही नणंद-भावजया बघू, तुम्ही नुसते घेऊन या."

घर तुझे आहे, लेक तुझी आहे. किती दिवस राहायचे ते तूच ठरव, परत सोडायला मीच येईन. फक्त नाही म्हणू नकोस. बहिणीला न घेता मुराळी एकटा परत आला, तर गल्लीत मला तोंड दाखवता यायचे नाही.

तुझा भाऊ