उजवी गॅलरी

कुंभकोणमच्या मैदानावर कबड्डीचे सामने असले की साउंड एकाच गृहस्थांचा; सगळे त्यांना साउंडवाले म्हणायचे. राहणार दारासुरमला, घरी आमच्यासारखीच तंजावरची जुनी मराठी. सामन्यांच्या घोषणा मी करायचो. तारा जोडून झाल्या की माझ्या हाती माइक देऊन ते गॅलरीच्या अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. "पुढच्यांना काय, कसंही ऐकू येतंय, सार," म्हणायचे. स्वतः मात्र इतकं हळू बोलायचे की दोनदा विचारावं लागे.

गेल्या वर्षी अंतिम सामन्याआधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं. शेवटच्या रांगेतून खाली येऊन साउंडवाल्यांनी अचानक पाहुण्यांचा माइक बंद केला, दुसरा उचलला आणि तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, "उजव्या गॅलरीतले सगळे हळूहळू खाली उतरा. घाई नको." लाकडी गॅलरीचे खांब वाकताना त्यांनी पाहिले होते. शेवटची माणसं उतरली आणि गॅलरी कोसळली. कुणाला खरचटलंही नाही.

पाहुणे मात्र रागावून निघून गेले. समितीच्या बैठकीत गॅलरी बांधणाऱ्याचं नावही कुणी काढलं नाही. तो अध्यक्षांचा मेहुणा. पाहुण्यांचा अपमान झाला म्हणून साउंडवाल्यांचं काम काढून घ्यायचं ठरलं. त्या गॅलरीत माझी मुलगी बसली होती, तरी ठरावाच्या बाजूने मी हात वर केला.

परवा ते बाजारात दिसले. मी नजर चुकवून निघालो होतो. त्यांनीच थांबवून हळूच विचारलं, "मुलगी बरी आहे ना, सार? भ्याली होती त्या दिवशी."