बाह्य म्हंजे काय, मास्तर?

आमच्या ताडकळसच्या बाजूला ‘तालीम’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि तिन्ही धडधाकट आहेत. पैलवानांची तालीम म्हणजे आखाडा. नाटकवाल्यांची तालीम म्हणजे नाटकाचा सराव. आणि ज्या घरातला एखादा म्हातारा निजामाच्या काळात उर्दू शाळेत गेला होता, त्या घरात तालीम म्हणजे शिक्षण. आमचं घर त्यातलं. हे सगळं माहीत असूनही मी देवळाच्या भोंग्याला तोंड लावलं आणि माझ्या खास रंगभूमीवरच्या आवाजात गर्जना केली, “उद्या सकाळी सात वाजता, मारुतीच्या देवळामागं, मोठ्या माणसांची तालीम सुरू होत आहे हो!”

सकाळी पोट सुटलेले दोन माजी पैलवान लंगोट पिशवीत घालून हजर. तीन हौशी नटही आले, त्यातला एक तर घरूनच मिशी चिकटवून. मी पाटी वर धरली आणि सांगितलं की इथं लिहायला-वाचायला शिकवणार आहे. पैलवान मला नको ते बोलून गेले. नट चहाच्या आशेवर थांबले. मागं एक मावशी उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, घरी चाळीसेक मेंढरं. त्या खरं तर कोण बोंबललं ते बघायला आल्या होत्या.

“हितं बाटलीवरचं वाचाया शिकवता का?” त्यांनी विचारलं.

“कोणत्या बाटलीवरचं, मावशी?” मी डोळा बारीक केला. नट फिदीफिदी हसले.

“तुमच्या न्हवं, मेंढरांच्या!”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरी औषधाच्या दोन बाटल्या असतात. एक जंतासाठी मेंढराला पाजायची, दुसरी पाण्यात मिसळून गोचिडासाठी अंग धुवायची. ही दुसरी पोटात गेली की मेंढरू संपलं. मावशी झाकणावरून ओळखायच्या, निळं पाजायचं, लाल धुवायचं. गेल्या वर्षी नव्या बाटल्यांची झाकणं बदलून आली आणि दोन गाभण मेंढ्या गेल्या. लेक पूर्णेला कामाला, घरी येतो रविवारी. सून त्यांच्यासारखीच, शाळेचं तोंड न बघितलेली.

मी छाती फुगवली. असा प्रसंग मी सोडत नसतो. “मावशी, शिक्षण म्हणजे माणसाचा तिसरा डोळा! शिक्षण म्हणजे...”

“मला दोन डोळ्यांचंच काम हाय. दहिवर वाळलं की मेंढरं सोडायचीत. आटपा.”

अशी आमची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी एक आणि चहा संपेपर्यंत नट तीन. मी अक्षरं शिकवत नव्हतो, त्यांचे प्रयोग लावत होतो. ‘ख’साठी खोकायचो, ‘ह’साठी हसायचो, ‘ब’साठी बकरा व्हायचो. “बकरा असा वरडत नसतो,” म्हणून मावशींनी स्वतः ओरडून दाखवलं, तर गल्लीतल्या चार खऱ्या बकऱ्यांनी उत्तर दिलं. चार महिन्यांत सगळी अक्षरं झाली, काना-मात्राही झाल्या. जोडाक्षरं मात्र मी दिवाळीच्या पुढं ढकलली. त्यांचा अभिनय काही केल्या जमेना.

मग जंताचं औषध पाजायचे दिवस आले. भर दुपारी मावशी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात शिरल्या. पदराआड बाटली, पाय धुळीनं भरलेले. लेकाचा फोन लागत नव्हता.

“आणा इकडं, वाचतो.” मी हात पुढं केला.

त्यांनी बाटली मागं घेतली. “गप बसा. मीच वाचणार.”

बाटलीवर इंग्रजी आणि हिंदीच्या खाली मराठीची एक बारीक ओळ होती. मावशींनी तिच्यावर बोट ठेवलं. “फ... क... त. फकत. फक्त!” पहिला गड पडला. “बा... हे गुतलेलं... ह... य... बाहय?” त्या थांबल्या. सातबाराची झेरॉक्स घ्यायला आलेला माणूसही पैसे हातात धरून थांबला.

“बाहय म्हंजे काय, मास्तर?”

“बाह्य.”

“तेच म्हनले की. म्हंजे काय?”

“बाहेरचं. फक्त अंगाला लावायचं, पोटात द्यायचं नाही.”

“मग ‘बाहेरून लावा’ असं सरळ लिहायला काय झालतं त्यांना?”

इतकी वर्षं मी बोलण्यावर गाव गाजवलंय, पण आता मी नुसती बाटली हातात घेतली.

झाकण निळं होतं. “पाजलं नाही ना कुणाला?” माझा आवाज पहिल्यांदाच नाटकाशिवाय निघाला.

“सुनंनं पहिल्या मेंढीचं तोंड उघडून धरलतं. मी म्हनलं, थांब, वाचू दे. ते ह-चं आन् य-चं गुतलेलं अक्षर काय वळखू आलं न्हाई. म्हनलं, कळत न्हाई तवर पाजायचं न्हाई. आन् आले चालत.”

गेल्या वर्षी त्या ओळीत त्यांना अडवणारं काहीच नव्हतं, कारण सगळीच ओळ परकी होती. यंदा चार अक्षरं ओळखीची झाली, म्हणून पाचवं अनोळखी दिसलं आणि हात थांबला. शिक्षण कशासाठी, यावर मी शाळांच्या समारंभांत तासतासभर बोललो आहे. त्यातलं एकही वाक्य त्या मेंढीच्या उघड्या तोंडासमोर टिकलं नसतं.

दुकानाचं शटर ओढून मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. दुसऱ्या बाटलीवरचं ‘पाजण्यासाठी’ त्यांनी सुनेला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यातल्या गुंतलेल्या अक्षरापाशी माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच तोंड उघडून ‘ण्य’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी सातला पोचलो, तर मावशी आधीच येऊन बसलेल्या.

“मेंढरं?”

“समदी रवंथ करायल्यात,” त्या म्हणाल्या आणि पाटी माझ्यापुढं सरकवली. “दिवाळी-बिवाळी काय न्हाई. काढा आज जोडाक्षरं. आन् बकरा बनू नका, टाइम जातो.”