दिग्दर्शकाच्या नावाला शिट्टी

काल मॉलच्या थिएटरात पुढच्या बाईच्या वेणीतल्या मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, फुलांचा वास आला आणि चामराजपुरमची मावशी आठवली.

मी शाळेत असताना असाच गजरा माळून ती मला जुन्या टॉकीजमध्ये घेऊन गेली होती. नदीवरच्या म्हाताऱ्या नावाड्याचा सिनेमा, बघायला चारपाच माणसं. मॅनेजर म्हणाला, “हीरो नाही, फाईट नाही. घरला जावा, अम्मा.”

“लाव तू. आम्ही बघणार,” मावशी म्हणाली. पडद्यावर त्या नवख्या दिग्दर्शकाचं नाव आलं, तशी शाळेत गणित शिकवणाऱ्या माझ्या मावशीनं, हीरोच्या एंट्रीला पोरं मारतात तशी, तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल त्याच दिग्दर्शकाचा नवा सिनेमा होता. थिएटर तसंच रिकामं. त्याचं नाव आलं आणि मी शिट्टी मारली.

“आई, साकु! पुरे!” लेक अर्धं कानडीत, अर्धं मराठीत कुजबुजली.

मी आणखी जोरात मारली.