मास्तरांनी ब्रेक दाबला होता

पस्तीस वर्षं मी मालवणच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. त्यामुळे मला सगळे मेस्त्री म्हणतात आणि यंत्राविषयी मी काही बोललो की ते कोणी परत तपासून बघत नाही. हे लिहायला बसण्याचं कारण तेच आहे.

साठी उलटल्यावर रक्तात साखर निघाली. आमच्या डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं. चालण्याचा मला कंटाळा आहे, असं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग सायकल चालवा. त्या स्वतः दर रविवारी पाच जणांबरोबर जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेऊन सड्यावर जात. सडा म्हणजे आमच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. तिथून काजूच्या बागांमधून एक पायवाट खाली खाडीकडे उतरते, तिला आम्ही घाटी म्हणतो. वर चढायला तास लागतो, घाटी उतरायला सात-आठ मिनिटं आणि खाली होमस्टेवाल्याच्या अंगणात चहा. हा होमस्टेवाला गटातला सगळ्यात बोलका माणूस. चहा फुकट देतो आणि त्याच्या बदल्यात कोणालाही काहीही बोलतो.

मी सातवा झालो. तीन महिन्यांत सगळ्यांच्या सायकली माझ्या पडवीत यायला लागल्या. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं, पण हात स्वस्थ बसत नाही. चेन धुणं, गिअरची तार ताणून घेणं, करवंदीच्या काट्यांनी झालेली भोकं बुजवणं, जांभ्याच्या खड्यांवर पकड राहावी म्हणून टायरमधली हवा थोडी कमी करणं हे सगळं मी बघून बघून शिकलो. बाकीचं मला येत होतं असं मी धरून चाललो.

गटाच्या पुढे नेहमी मास्तर असायचे. हायस्कुलात विज्ञान शिकवणारे, तेव्हा पन्नाशीचे, अंगाने बारीक. घाटीचं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं. ते उतरताना कुठे ब्रेक धरतात आणि कुठे सोडतात ते बघून बाकीचे उतरायचे. त्या वर्षी त्यांनी नवी सायकल घेतली. आमच्या सगळ्यांच्या सायकलींना चाकाच्या कडेला रबर घासणारे जुने ब्रेक होते. त्यांच्या सायकलीला मात्र डिस्क होती, म्हणजे चाकाच्या मधोमध एक पातळ पोलादी तबकडी आणि तिला दोन बाजूंनी चिमटा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारं पुसून, तेलाचा हात देऊन पुजतात. बंदरावर तर त्या दिवशी पान्यापासून नांगरापर्यंत काही कोरडं राहत नाही. खाऱ्या हवेत लोखंडाला तेल लावायचं, हा माझ्या आयुष्यातला एकमेव सिद्धान्त, आणि तो कधी खोटा ठरला नव्हता. सातही सायकली मी धुतल्या, पुसल्या. सहा सायकलींच्या रबरांना आणि चाकांच्या कडांना तेल लागू दिलं नाही, तेवढं मला कळत होतं. मास्तरांच्या तबकडीवर मात्र गंजाची तांबूस साय आली होती. ती मी बारीक पॉलिश पेपरने काढली आणि दोन्ही तबकड्यांना खोबरेल तेलाचा हात दिला. चांगल्या झळकत होत्या. झेंडूची माळ घालताना मास्तर म्हणाले की सायकल दुकानातून आणली तेव्हाही इतकी चांगली दिसत नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सड्यावर गेलो. चढात ब्रेकचं काम पडत नाही. घाटीच्या तोंडाशी मास्तर नेहमीप्रमाणे पुढे झाले. दुसऱ्या वळणावर खालून मोठा आवाज आला, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा, आणि मग दगड कोसळल्याचा. आम्ही पोचलो तेव्हा सायकल गडग्याला टेकली होती आणि मास्तर गडग्याच्या पलीकडे काजूखाली बसले होते. गडगा म्हणजे बागेची दगडी भिंत. तिचे वरचे चार दगड त्यांच्याबरोबर पलीकडे गेले होते. डॉक्टरीणबाईंनी खांदा चाचपला आणि हासळीचं हाड मोडल्याचं सांगितलं.

आवाज ब्रेकचा होता, असं मास्तर म्हणाले. होमस्टेवाला म्हणाला, आवाज मास्तरांचाच होता. यावर थोडी चर्चा झाली.

मास्तर एकच सांगत होते. "मी ब्रेक दाबलेलो. दोनव. लागलोच नाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सायकल उचलून पुढचं चाक हाताने फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक थांबलं. मागचं फिरवलं, तेही थांबलं. मी म्हणालो, "ब्रेक बरे आसत. माणूस घाबारलो काय हात चलणा नाय."

तेवढंच बोललो. मास्तरांनी चाकाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

आठवड्याने वाकलेला हँडल बदलायला सायकल माझ्याकडे आली. अंगणात तिच्यावर बसून बघितलं तर पहिल्या उतारावरच ती मला घेऊन तुळशीच्या दिशेने निघाली. मी कोल्हापूरच्या एका सायकल दुकानात फोन लावला. दुकानदाराने विचारलं, डिस्कला काही लावलंत का? मी म्हटलं, थोडं तेल. कसलं तेल? खोबरेल.  मग त्याने शांतपणे सांगितलं की डिस्कला बोटसुद्धा लावायचं नसतं. तेल चिमट्याच्या पॅडमध्ये मुरतं. हातात उचलून चाक फिरवलं तर थांबेल, पण वर माणूस बसला आणि उतार आला की थांबणार नाही. शेवटी त्याने विचारलं, "काका, तुम्ही आधी काय दुरुस्त करायचात?" मी म्हटलं, होड्या. तो म्हणाला, "बरोबर."

मी पॅड मागवले, तबकड्या स्पिरिटने पुसल्या आणि सायकल मास्तरांच्या घरी पोचवली. जुने पॅड झिजले होते असं खोटंही सांगितलं नाही. पॅड बदलले हेच सांगितलं नाही. माझ्या हातची होडी पस्तीस वर्षांत कधी समुद्रात बंद पडली नव्हती, असं बंदरावर म्हणायचे आणि ते वाक्य मला अजून काही वर्षं ऐकायचं होतं. दुसरं काही कारण मला सापडत नाही.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. मास्तर परत यायला लागले. सड्यावर पहिल्यासारखेच चढायचे. घाटीच्या तोंडाशी मात्र सायकलवरून उतरायचे आणि ती हातात धरून चालत खाली यायचे. आम्ही चहा पिऊन झाल्यावर ते पोचायचे. होमस्टेवाला दर खेपेला विचारायचा, "मास्तर, सायकलीक फिरवूक आणलात काय?" मास्तर हसायचे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना भीती जाण्यासाठी श्वासाचे व्यायाम लिहून दिले. ते त्यांनी नेमाने केले. पुढे ते शाळेतही सायकलने जाईनासे झाले. एकदा मला म्हणाले की विज्ञान शिकवणाऱ्याने डोळ्यांवर विश्वास ठेवायला हवा. चाक थांबताना त्यांनी स्वतः बघितलं, म्हणजे आपण ब्रेक दाबला हे त्यांच्या मनाने रचलेलं असणार. माझ्या वाक्याने एवढं काम केलं होतं. मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

अशी चार वर्षं गेली.

गेल्या महिन्यात मास्तर सायकल घेऊन पडवीत आले. तळेऱ्याचा एक जण ती विकत घ्यायला येणार होता. ते म्हणाले, "मेस्त्री, बघूक बरी दिसाक व्हयी. जरा तेलाचो हात मारा."

मी त्यांना बसायला सांगितलं आणि खंडेनवमीपासून कोल्हापूरच्या फोनपर्यंत सगळं सांगितलं.  माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे मी ब्रेक दाबलेलो?"

"दाबलेलो."

"दोनव?"

"दोनव."

ते उठले. त्यांनी सायकलचा हँडल धरला. "मी पडलंय तेचा माका काय नाय, मेस्त्री. तेल कोणाच्याय हातान लागात. पण तुमका कळला तेच्या मागसून चार वर्षां तुमी माझ्या वांगडा बसान चाय पिलात."

 रविवारी घाटीत हे सगळ्यांना सांगा, एवढंच बोलून ते सायकल घेऊन गेले. तेलाचा हात राहिला आणि तळेऱ्याच्या माणसाला त्यांनी येऊ नको म्हणून कळवलं.

रविवारी मी त्या गडग्यापाशी उभा राहून सांगितलं. पडलेले चार दगड बागवाल्याने केव्हाच परत रचले होते. डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता हातमोजे घालत राहिल्या.  होमस्टेवाला मास्तरांकडे वळून म्हणाला, "मगे तो आवाज ब्रेकाचोच." मास्तर म्हणाले, "होय." त्याने मान खाली घातली आणि सगळ्यात आधी खाली गेला. 

मला वाटलं होतं, मास्तर आता सायकलवर बसतील. तसं झालं नाही. त्या रविवारीही ते चालतच उतरले. पुढच्याही.

हे कागदावर लिहितो आहे, कारण माझं वाक्य फक्त सहा जणांपुरतं राहिलं नव्हतं. मास्तरांच्या शाळेत, बाजारात, पिंगुळीला त्यांच्या सासुरवाडीत, सगळीकडे ते घाटीत घाबरले अशीच गोष्ट गेली आहे. तिथे कुठे कुठे जाऊन मी उभा राहणार? ज्यांनी ती ऐकली त्यांनी हे वाचावं. मास्तर घाबरले नव्हते. त्यांनी वेळेवर, दोन्ही हातांनी ब्रेक दाबला होता. तो मी लागू दिला नाही आणि नंतर खोटं मत दिलं, आणि ते खोटं असल्याचं कळल्यावर चार वर्षं तेच चालू ठेवलं.

मास्तर आता सायकल सर्व्हिसिंगला कुडाळला नेतात. माझ्याकडे फक्त हवा भरायला येतात आणि भरताना समोर उभे राहतात. गेल्या रविवारी घाटीच्या तोंडाशी ते उतरले नाहीत. सगळे पुढे गेले, मी मागे राहिलो. पहिलं वळण त्यांनी बसूनच घेतलं, दुसऱ्याच्या अलीकडे दोन्ही ब्रेक धरून थांबले आणि पाय टेकला. सायकल जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी ब्रेक सोडून परत धरला, दोनदा. मग खाली उतरून चालायला लागले. मी मागून गेलो तेव्हा न वळता म्हणाले, "अजून अर्धी घाटी रवली."