आधी डिकी उघड

मीनाकाकू माझ्या गाडीत बसण्याआधी मला डिकी उघडायला लावायच्या. स्टेपनी उचलून खाली बघायच्या, सीटखाली हात घालायच्या आणि मगच पदर सावरून पुढे बसायच्या. तेही भर रस्त्यात, चार लोक बघत असताना. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मी चिडलो. "काकू, मी काय चोर आहे?"

"तुझ्यावर संशय नाय रे बाबा," त्या म्हणाल्या. "नितीनचा तरी त्या मित्रावर कुठे होता?"

नितीन त्यांचा एकुलता एक मुलगा, मिरजोळ्याला कारखान्यात नोकरीला. संगमेश्वरला लग्नाला गेला होता. येताना एसटी चुकली म्हणून एका मित्राच्या गाडीत बसला. हायवेवर पोलिसांनी गाडी थांबवली, डिकीत स्टेपनीखाली गांजाची पाकिटं निघाली आणि दोघेही आत गेले.

त्यानंतर काकू कधी एका जागी टेकल्या नाहीत. मी शेजारी, म्हणून तारखेला मीच त्यांना कोर्टात न्यायचो. तिथे बाकावर बसणं नाहीच, व्हरांड्यात येरझाऱ्या, आणि वकील दिसले की तोच प्रश्न, "गाडी त्याची नव्हती ना, मग?"

वकील बिचारे दर वेळी समजावायचे, "तेवढ्यावर भागत नाही, काकू. आत माल आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, हे कोर्टाला पटायला हवं."

"कुणाकडे जेवायला गेलं तर आधी त्यांची कपाटं उघडून बघायची काय?"

यावर वकील फाइल काखेत मारून आत निघून जायचे. आणि काकू बाहेर येऊन पुन्हा माझी डिकी तपासायच्या. मला त्यांचा राग यायचा, तरी पुढे पुढे मीच स्टेपनी उचलून दाखवायचो.

अखेर निकाल लागला. नितीनला मालाची कल्पना होती असं मानता येत नाही, असं म्हणून कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. त्याला आणायला निघालो, तर काकू धावत आल्या आणि थेट पुढच्या सीटवर बसल्या. मी सवयीने डिकीकडे वळलो होतो. "चल रे लवकर, तिथे काय करतोस?" म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

तुरुंगाच्या दाराशी त्यांनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, दंडाला धरून गाडीपाशी आणलं, मागचं दार उघडलं. "बस बाळा. फणसाची भाजी केलीय."

नितीन बसला नाही. हात सोडवून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"दादा," तो मला म्हणाला, "आधी डिकी उघड."

काकू दार धरून तशाच उभ्या राहिल्या.