हळदीचं बोट

१९९६ साली आष्ट्याच्या लालासाहेबाची पीएच.डी. सहाव्या वर्षात होती, आणि गावाच्या मते तो सांगलीत काचेला रंग देत होता. काम तसंच होतं म्हणा. तापलेल्या काचेवर जस्ताच्या क्षाराचं पाणी फवारायचं, की झिंक ऑक्साईडचा केसाहून कितीतरी पातळ थर बसतो. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण त्यावर पडले, की थरातून वीज जास्त वाहते आणि मीटरचा काटा हलतो. "फवारायचंच हाय तर उसावर फवार की रं," बाप म्हणायचा.

बरं, थर तरी नीट बसावा! कुठं पापुद्रा, कुठं भोक. शेवटी भादव्यात एक काच जमली. दसरा झाला की पुण्याचे परीक्षक गोपाळकृष्ण सर ती बघायला येणार होते. काटा हलला तर प्रबंध, नाहीतर मुदत संपली आणि साहेब उसाच्या फडात.

खंडेनवमीला घरी औजारांची पूजा. आई रंगूबाई दरवर्षी म्हणायची, "तुज्या यंत्रालाबी हळद-कुंकू लाव रं." दरवर्षी हा विज्ञानावर व्याख्यान झोडायचा. यंदा मात्र गड्यानं गुपचूप हळदीची पुडी खिशात घातली, प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, फवाऱ्याला बोट लावलं, मीटरला लावलं, आणि देवाला कमी पडायला नको म्हणून हळद कालवून ऐन थरावर अंगठा भरून लावली. सांगलीत हळदीची काटकसर कोण करतो!

सर आले. अतिनील दिवा लागला. काटा ढिम्म. तारा तपासल्या, दिवा तपासला, सगळं ठीक.

"हे पिवळं काय आहे?" सरांनी विचारलं.

"पूजेचं आहे, सर."

"पुसा."

आता आली का पंचाईत! हळदच किरण पिऊन टाकतेय, हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण पूजेचं बोट पुसायचं कसं? सहा वर्षं भौतिकशास्त्र घोकलेला हात उचलेना. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. शेवटी डोळे मिटून, "अंबाबाई, माफ कर" पुटपुटत त्यानं स्पिरिटचा बोळा फिरवला.

काटा टुणकन उडाला.

"काच पास," सर हसत म्हणाले. "तुमचं बघू."

संध्याकाळी आष्ट्याला आई दारातच उभी. "हलला का रं काटा?"

"हलला, आई."

तिचे डोळे भरून आले. पदरानं पुसत म्हणाली, "हलनारच. नवमीला तुजा पिवळा आंगठा बगितला, तवाच म्या वळकलं. हळदीनंच हलला न्हवं?"

सगळं भौतिकशास्त्र लालासाहेबाच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि ते गिळून टाकलं.

"व्हय आई," तो वाकून पाया पडत म्हणाला, "हळदीनंच."